हेकरूचा फुगा

आमच्या धक्क्यावर माझ्या बापाला दाभणकाका म्हणतात. पोती शिवायचा जाड दाभण तो टोपीच्या काठात खोचून ठेवतो, कारकून कानावर पेन ठेवतो तसा. टोप्या फाटल्या, बदलल्या, दाभण तोच. गंज चढू नये म्हणून त्याच्यावर रोज तेलाचा हात फिरतो. आईचं म्हणणं असं की, एवढी काळजी तिची घेतली असती तर आज तिचे गुडघे कुरकुरले नसते.

हा दाभण हेकरूसाठी. ज्यांनी हेकरू फक्त ताटात पाहिला आहे त्यांना सांगते, जिवंतपणी तो फार मजेशीर दिसतो. जाड ओठ, अंगभर तपकिरी ठिपके, आणि तोंड असं की जेवायला हाक मारायची राहून गेली म्हणून पाहुणा रुसून बसलाय. प्रवाळाच्या खडकातली एक कपार धरतो आणि वर्षानुवर्षं तिथंच मुक्काम ठोकतो. पाठलाग वगैरे भानगडी त्याला माहीत नाहीत. समोरून खेकडा गेला की तोंड उघडायचं, खेकडा पाण्यासकट आत. वाढतो मात्र फार सावकाश, आणि सगळेच्या सगळे आधी मादी असतात. अंग भरलं, वय झालं की त्यातले थोडे नर होतात. म्हणजे खडकावरचा सगळ्यात थोराड हेकरू बहुतेक करून नर, आणि त्यानेच एके काळी अंडी घातलेली. अशा मोठ्याला बाबा कारभारी म्हणतो. सगळे कारभारी उचलले तर अंडी आहेत आणि बाप नाही अशी गत होते. मग एखादी मोठी मादी घाईघाईने कारभार हातात घेते, पण त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ गळ टाकणारे देत नाहीत.

वर्षातून एकदा, पाणी उबदार झालं की, सगळ्या खडकांवरचे हेकरू बाहेरच्या कड्यापाशी अंडी घालायला जमतात. धक्क्यावर त्याला वऱ्हाड म्हणतात. वऱ्हाड उतरलं की गळ टाकायचा अवकाश, लागलाच. शहाणेसुरते मासे त्या दिवसांत अगदी येडे होतात.

माझा दादा गेला तो वऱ्हाडाच्याच दिवसांत. नांगर खडकात अडकला म्हणून तो पाण्यात उतरला. एकदा वर आला, श्वास घेतला, बाबाकडे बघून हसला, पुन्हा खाली गेला. मग आला नाही. बाबाने उड्या मारल्या, आजूबाजूच्या होड्यांनी उड्या मारल्या, काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी बाबा ओल्या कपड्यांनी दारात उभा राहिला आणि आईला म्हणाला, "खाली गेला. एवढंच दिसलं मला."

आई म्हणाली, "म्हणजे?"

मी शाळकरी होते, दाराच्या आत उभी होते. आई "म्हणजे? म्हणजे काय?" विचारत राहिली आणि बाबा उंबऱ्याकडे बघत राहिला. शेवटी शेजारच्या काकूंनी तिला धरून आत नेलं. दादा सापडला नाही.

पुढच्या वर्षी वऱ्हाड उतरलं तेव्हा बाबाने कारभारी सोडायला सुरुवात केली. कारण कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. पण हेकरू सोडणं म्हणजे नुसतं पाण्यात टाकणं नव्हे. खोल पाण्यातून त्याला वर ओढलं की वरचा दाब कमी होतो आणि त्याच्या अंगातली हवा फुगते. डोळे बाहेर येतात, तोंडातून एक गुलाबी पिशवी लोंबायला लागते. धक्क्यावर तिला फुगा म्हणतात. असा मासा परत टाकला तरी खाली जाऊ शकत नाही. पांढरं पोट वर करून तरंगतो आणि पक्षी त्याचे डोळे टोचतात. बाबा दाभणाने तो फुगा फोडायचा. फुस्स करून हवा निघायची, मासा एक गटांगळी खायचा आणि सरळ खाली.

"गेला घरी," बाबा म्हणायचा.

लोकांनी आधी डोक्यावर परिणाम झाला म्हणून हळहळ केली, मग चेष्टा केली, आणि नंतर त्याला सवयीने दाभणकाका हे नाव पडलं. धक्क्यावर कुणी लवकर घरी निघालं तरी मागून आवाज यायचा, "गेला घरी." बाबा स्वतःही हसायचा. त्याची पाठ मात्र त्या वर्षापासून पुन्हा सरळ झाली. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आईला कळलं होतं.

मी शिकले आणि मत्स्य संशोधन केंद्रात लागले. माशाच्या कानात एक इवलासा खडा असतो, त्याची चकती कापून भिंगाखाली धरली की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात आणि माशाचं वय कळतं. हे माझं काम. गेल्या काही वर्षांत माझ्या भिंगाखाली म्हातारे हेकरू यायचे बंद झाले. येतात ती सगळी कोवळी पोरं. खडक ओस पडत चालले होते. मग वरून नियम आला की ठरावीक लांबीपेक्षा मोठा हेकरू परत सोडायचा. नियम कागदावर झकास होता. पाण्यावर मात्र सोडलेले मासे पोटं वर करून तरंगत होते आणि पक्ष्यांची चैन चालली होती.

आमच्या साहेबांनी बैठकीत विचारलं, "यांना मासा नीट सोडायला शिकवणार कोण?"

मी नको तिथे तोंड उघडण्यात लहानपणापासून पटाईत. "माझे वडील," मी म्हणाले, "दादा गेल्यापासून हेच करतायत. नियम नव्हता तेव्हापासून." सांगताना माझी मान केवढी ताठ झाली होती, ते समोरच्या कपाटाच्या काचेत मला दिसत होतं.

साहेब खूश झाले. ठरलं असं की, वऱ्हाड उतरलं की कड्यापाशी सगळ्या होड्या जमवायच्या आणि दाभणकाकांनी करून दाखवायचं. कॅमेरा लावायचा, म्हणजे दुसऱ्या बंदरांनाही दाखवता येईल. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबाने थट्टा केली नाही. ट्रंकेतून नवा सदरा काढला, झटकला, खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"तुझ्या दादाने बघायला हवं होतं," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी 'दादा' हा शब्द ऐकला नव्हता. आई चुलीकडे तोंड करून काहीतरी ढवळत राहिली, भांड्यात ढवळण्यासारखं काही नसताना.

आदल्या दिवशी रंगीत तालीम म्हणून मी बाबाच्या होडीत बसले. दादा गेल्यापासून आईने मला होडीत पाय ठेवू दिला नव्हता, पण हे पडलं ऑफिसचं काम. सोबत केंद्राची पोकळ सुई डबीत घेतली होती. म्हटलं, बाबाच्या दाभणापेक्षा बरी. दाभण पोकळ नसतो, मग त्यातून हवा निघते कशी, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. घरातल्या माणसाला कोण प्रश्न विचारतं?

कड्यापाशी वऱ्हाड उतरलेलं होतं. बाबाने हातदोरी सोडली, दोन बोटांत धरून ऐकल्यासारखी मान कलती केली आणि झटका दिला. वर आला तो चांगला थोराड कारभारी. डोळे बाहेर, तोंडात फुगा. बाबाने त्याला ओल्या गोणपाटावर आडवा घेतला, पोरांना आंघोळ घालताना धरतात तसा मानेखाली हात देऊन. टोपीतून दाभण काढला. आणि तोंडातल्या त्या गुलाबी पिशवीत खुपसला.

फुस्स झालं. मासा पाण्यात गेला, गटांगळी खाऊन सरळ झाला आणि निळ्यात नाहीसा झाला.

"गेला घरी," बाबा म्हणाला. "बघितलंस? आहे का तुमच्या साहेबाला जमणारं?"

मी "हो" म्हणाले. कशाला हो म्हणाले ते माझं मला कळलं नाही.

हवेची पिशवी माशाच्या आत असते, पाठीच्या कण्याखाली. सुई घालायची ती कल्ल्यामागच्या परापाशी, खवल्याच्या खालून, तिरकी. तोंडातून लोंबतं ते हेकरूचं पोट, म्हणजे जठर. आतल्या हवेने रेटून, पायमोजा उलटा करावा तसं बाहेर आलेलं पोट. ते फोडलं तरी हवा निघून जाते आणि मासा खाली जातो, पण पोटाला भोक घेऊन. पुढे त्याचं काय होतं ते वरून दिसत नाही. आणि उद्या सगळ्या होड्या हेच शिकणार होत्या, माझ्या बापाकडून, माझ्या शिफारशीवरून.

बाबाने वाटेत एक मध्यम हेकरू घरासाठी ठेवला. परतताना तो शीळ घालत होता. मी त्याच्या पाठीकडे बघत होते आणि मला वाटत होतं, ही पाठ मी मोडणार.

आई धक्क्याच्या टोकाला लाकडी फळीवर बसून गिऱ्हाइकांना मासे कापून देते. मी तिच्याजवळ जाऊन टेकले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "आई, बाबा फोडतो ना तो फुगा..."

"फुगा नाही, कोथळा," आई म्हणाली. तिची सुरी थांबली नाही.

धक्क्यावरच्या बायका जठराला कोथळा म्हणतात. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"बघतेस काय? मी मासे चिरते. तोंडात फुगा आलेला हेकरू चिरला की पोटात कोथळा नसतो. मग गेला कुठे? तोंडाशी. शोधायला काय पोलीस लागतात?"

आमच्या घरात कामाची वाटणी जुनी आहे. पकडणं बाबाचं, चिरणं आईचं. बाबाने जन्मात मासा चिरलेला नाही, आणि आईने कधी गळ धरलेला नाही. माशाची बाहेरची बाजू त्याची आणि आतली हिची. दोघं एकाच घरात, एकाच माशावर इतकी वर्षं जगले.

"मग सांगितलं का नाहीस त्याला?" माझा आवाज चढला. मला तिचा खराखुरा राग आला होता.

आईने सुरी फडक्याला पुसली. "सांगणार होते. पहिला सोडला त्याच दिवशी. आले ते म्हणाले, आज एक घरी गेला गं. आणि ताटावर बसले. तुझा दादा गेल्यापासून दोन घासांच्या वर काही जात नव्हतं त्यांच्या पोटात. त्या दिवशी भात मागून घेतला. मी वाढत होते आणि मनात म्हणत होते, सांगू का, सांगू का." तिने सुरी फळीवर ठेवली. "मासा मरतो तर मरू दे म्हटलं. माणूस जेवतंय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी जे आलं त्याला मला नाव देता येत नाही.

"उद्या सगळे तेच करतील, आई."

"कळतंय मला. एकट्याचं होतं तोवर गप्प बसले." तिने फळीवरचे खवले हाताने लोटले. "तू नको बोलूस. गप्प मी बसले, तर सांगेन पण मीच."

संध्याकाळी स्वयंपाकघरात बाबा दाभणाला तेल लावत बसला होता. आईने ओट्यावर तो मध्यम हेकरू ठेवला. त्याचा फुगा तसाच तोंडात होता.

"अहो, जरा इकडे या," ती म्हणाली.

"मी? तिथं काय काम माझं?"

"या तर."

बाबा हात पुसत आला, काहीतरी थट्टा करायच्या बेताने. आईने पोटाला एकच चीर दिली आणि कडा दोन्ही बाजूंना धरल्या. "बघा. आतडी आहेत. काळीज आहे. कोथळा दिसतो का?"

"कोथळा कुठाय?"

आईने आत बोट घातलं, गळ्याच्या बाजूला आकडा केला आणि हळूहळू ओढलं. तोंडातला फुगा आत जायला लागला. गुलाबी टोक ओठांवरून सरकलं, दातांमागे गेलं, दिसेनासं झालं. आणि पोटात, जिथे असायचा तिथे, कोथळा येऊन पडला. त्याच्या अस्तराला खेकड्याच्या नांगीचा तुकडा चिकटलेला होता.

बाबाने आपलं बोट आत घातलं आणि तो परत तोंडापर्यंत ढकलला. फुगा झाला. पुन्हा ओढला. कोथळा झाला. असं त्याने बराच वेळ केलं. शेवटी आईने त्याचं मनगट धरलं तेव्हा थांबला.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?" त्याने आईला विचारलं.

"तुम्ही पहिला सोडलात तेव्हापासून."

मला वाटलं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याकडे वळला. "त्यातला एखादा तरी जगला असेल?"

"भोक बुजतं कधी कधी," मी म्हणाले. "काही जगतात."

"काही म्हणजे किती?"

खोटं बोलायची एवढी चांगली संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. पण तो माझ्याकडे केंद्रातल्या बाईकडे बघावं तसा बघत होता, मुलीकडे नाही. "ते कुणी पाहिलेलं नाही, बाबा."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "खाली कोण बघायला गेलंय."

तो बाहेर ओसरीवर जाऊन बसला. आईने हेकरू शिजवला. बाबा जेवायला आला, ताटावर बसला, आणि दोन घास खाऊन उठला. आई त्या ताटाकडे बघत राहिली. मी ते उचलून आत नेलं तेव्हा मला रडू आवरलं नाही.

सकाळी मी साहेबांना काहीतरी कारण सांगून कार्यक्रम पुढे ढकलायचं ठरवलं होतं. फोन हातात घेतला तर दारात बाबा उभा, नवा सदरा घालून. टोपी डोक्यावर होती. दाभण नव्हता.

"तुझी ती पोकळ सुई घे," तो म्हणाला. "आणि वाटेत मला दाखव, कुठं ते."

कड्यापाशी सगळ्या होड्या गोल करून उभ्या होत्या. साहेबांनी कर्ण्यावरून दाभणकाकांचं कौतुक केलं, त्यांच्यासारखी माणसं हवीत वगैरे. बाबा मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने मासा वर घेतला, तोंडातला फुगा सगळ्यांना दिसेल असा धरला आणि बोलायला लागला. कर्णा त्याने घेतलाच नाही.

"इतकी वर्षं मी इथं टोचत आलो. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. हा फुगा नव्हे. हा माशाचा कोथळा आहे. माझी चूक झाली. तुमच्या घरी मासा कोण चिरतं त्यांना जाऊन विचारा, त्यांना माहीत असेल. मी कधी विचारलं नाही." त्याने श्वास घेतला. "इथं टोचायचं नाही."

मागच्या होडीतून कुणीतरी म्हणालं, "काका, मग आता दाभणाचं काय?" कुणी हसलं नाही, आणि विचारणाराही वरमला. साहेब माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला मासा धरायचा होता.

मी हेकरूला गोणपाटावर दाबून धरला आणि परापाशी बोट ठेवलं. बाबाने सुई खवल्याखालून तिरकी आत घातली. बारीक आवाज करत हवा निघाली, पोट बसत गेलं, आणि तोंडातला कोथळा आपोआप थोडा आत सरकला. बाबाने माशाला पाण्यात नेलं, क्षणभर दोन्ही हातांत तोलून धरलं आणि सोडलं. मासा शेपटी हलवत निघून गेला. कसलीही गटांगळी न खाता.

एका होडीतून आवाज आला, "गेला घरी." मग सगळ्यांनीच उचलून धरलं. चेष्टेने नाही. त्याला बरं वाटावं म्हणून. बाबा काठावर ओणवा होऊन पाण्यात बघत होता. तिथलं पाणी काही अंतर स्वच्छ दिसतं आणि मग नुसतं निळं होतं. तो त्या निळ्याकडे बघत राहिला, ओरडा थांबला तरी.

दुपारी आम्ही धक्क्याला लागलो. आई आपल्या फळीवर होती, पुढ्यात एकही मासा नव्हता. म्हणजे सकाळपासून ती नुसतीच बसली होती. बाबा चालत तिच्यासमोर गेला आणि उभा राहिला. सदरा ओला झाला होता.

"सोडलात?" आईने विचारलं.

"खाली गेला," बाबा म्हणाला. "एवढंच दिसलं मला."

आईने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. या वेळी ती "म्हणजे?" म्हणाली नाही. ती फळीवर थोडी सरकली, आणि बाबा तिच्या शेजारी बसला.